रडगाणं म्हणणाऱ्यानंच तर गाणं ऐकलंय

प्रिय ताई,

मी 37 वर्षांचा, नोकरी हिंजवडीत, राहायला कर्वेनगरला. सवाई गंधर्व महोत्सवात शेजारी शेजारी बसून ओळख झालेल्या आठ जणांचा आमचा 'कानसेन' नावाचा एक व्हॉट्सॲप गट आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका (तेच ॲडमिन, हल्ली त्यांचं निसर्गदत्त महाराजांचं वाचन चालू असतं), नर्मदा परिक्रमा करून आलेलं एक जोडपं, तबला शिकवणाऱ्या एक बाई, गझलवेडे एक डेंटिस्ट, इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी, दरवर्षी सगळ्यांसाठी डबा आणणाऱ्या एक काकू, आणि मी. मला स्वतः गाणी लिहून स्वतःच गाणाऱ्या लोकांचं आणि इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय आपली गाणी आपणच काढणाऱ्या, बँडचं वेड आहे. या मंडळींचे कान तयार आहेत, त्यांनाही आवडेल असं वाटलं. पाच आठवड्यांत 61 गाण्यांच्या लिंक पाठवल्या. उत्तरादाखल फक्त अंगठे. प्रतीक कुहाडचं गाणं ओबामांच्या 2019च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत होतं हेसुद्धा लिहिलं, तरी कुणी हललं नाही. मग एका सोमवारी सकाळी निक ड्रेक हा इंग्रज गायक पाठवला, तर डेंटिस्ट लिहितात, 'सकाळी सकाळी हे काय रडगाणं?' त्यावर तिघांचे हसरे चेहरे. मी गट सोडला. बायको म्हणते, 'तू गाणी सुचवत नाहीस, परीक्षा घेतोस.' मी सुचवणं बंद करू का? आणि नसेल करायचं, तर कुणाला काय सुचवू?

— गट सोडलेला, कर्वेनगर

प्रिय गट सोडलेले,

आधी हिशेब करू. 61 गाणी, गाण्याला चार मिनिटं धरली, तर चार तास चार मिनिटं झाली. तुमची मंडळी सवाईला याहून जास्त वेळ मांडी घालून बसतात हे खरं, पण तिथे ती तिकीट काढून, सतरंजी काखेत मारून, घरी सांगून येतात. तुमचे चार तास त्यांच्या खिशात टिंगटिंग करत आले. कुणी बसमध्ये होतं, कुणाचं दूध गॅसवर होतं. अशा वेळी माणूस अंगठा देतो. अंगठ्याचा अर्थ 'आवडलं' असा नसतो, 'मिळालं' असा असतो. कुरिअरवाल्याला सही देतो ना, तसा.

आता डेंटिस्टांकडे येऊ. तुम्हाला राग आलाय त्यांचा, आणि मला आनंद झालाय. अहो, रडगाणं आहे हे कळायला ते ऐकावं लागतं! सात माणसांत लिंक उघडून, गाणं लावून, त्यावर मत बनवणारा हा एकच मनुष्य निघाला. अंगठेवाल्या सहांवर तुम्ही रुसला नाहीत, आणि ज्यानं ऐकलं त्याच्यावर रुसून गट सोडलात. सुरुवात त्यांच्यापासूनच करायची आहे. त्यांना फोन करा आणि विचारा, रडगाणं का वाटलं? वाद न घालता ऐका.

मला विचाराल तर डेंटिस्टांचा मुद्दा बरोबर आहे. तुम्ही सवाईचे श्रोते. सकाळी साडेआठला कुणी दरबारी लावला तर तुमचा गट भुवया उंचावेल. तोडी कधी, मारवा कधी, मालकंस कधी हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. मग निक ड्रेकनं काय घोडं मारलं होतं, की त्याला सोमवारी सकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला उभं केलंत? या पोरानं उणेपुरे तीन अल्बम केले आणि 1974 मध्ये 26व्या वर्षी तो गेला. शेवटचा, 'पिंक मून', त्यानं 1971च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका स्टुडिओत दोन रात्रींत रेकॉर्ड केला. तो, त्याची गिटार आणि पलीकडे एक रेकॉर्डिस्ट. वरून एक पियानोचा तुकडा सोडला तर दुसरं वाद्य नाही. सगळा अल्बम 28 मिनिटांत संपतो. रात्री घडलेलं गाणं आहे हो ते. आपल्या सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली लाउडस्पीकरच्या नियमांनी दहाच्या आत आल्या, आणि उत्तररात्रीचे राग ऐकायला मिळत नाहीत म्हणून आपण अजून हळहळतो. तीच हळहळ या मुलाच्या वाट्याला येऊ द्या. डेंटिस्टांना सांगा, रात्री अकरानंतर, दिवा घालवून, पहिली दोन गाणी. नाही आवडली तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

आणि हो, ओबामांचा दाखला बंद. त्यांना आवडलं म्हणून कर्वे रोडवर दात काढणाऱ्या माणसाला आवडावं, हा कुठला न्याय?

तुम्हाला उपदेश करते आहे, पण हे सगळं मी स्वतः करून बसले आहे, आणि तेही तुमच्यापेक्षा जास्त कष्ट घेऊन. 1990 नंतरची गोष्ट. लिंक वगैरे काही नव्हतं, कॅसेटी होत्या. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न होऊन ती चिंचवडला गेली, तेव्हा मी तिला एक नव्वदची कॅसेट भरून दिली. एका बाजूला 45 मिनिटं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून बावीसएक गाणी. एका डेकवरून दुसऱ्या डेकवर, प्रत्येक गाणं संपताना पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसायचं. खोक्याच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात नावं लिहिली. शेवटी पेनाच्या टोकानं कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडले, म्हणजे वरून कुणी काही रेकॉर्ड करू शकणार नाही. अगदी मंगळसूत्र करवून द्यावं अशा थाटात तिच्या हातात ठेवली. का देते आहे, त्यातलं कुठलं तिच्यासाठी आहे, एक अक्षर बोलले नाही. गाणं स्वतःच बोलेल, असा माझा तेव्हाचा बाणा.

दोन वर्षांनी तिच्याकडे गेले. सत्यनारायण होता आणि गुरुजी आलेच नव्हते. तिच्या सासऱ्यांनी शांतपणे टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढला आणि एक कॅसेट घातली. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. मोडलेल्या तुकड्यांच्या खळगीवर सेलोटेप चिकटवून त्यांनी बी बाजूवर शेजारच्या गुरुजींची अख्खी कथा रेकॉर्ड करून ठेवली होती! साधुवाणी, कलावती, बुडालेली नाव, आणि प्रत्येक अध्यायाच्या शेवटी 'इति श्रीस्कंदपुराणे रेवाखंडे'. मी प्रसाद घेतला आणि गप्प बसले.

नंतर मैत्रीण म्हणाली, 'अगं, पहिलं गाणं लावलं आणि मला झोप लागली. पुढे काय होतं तेच माहीत नाही. तू सांगितलं असतंस ना, की अमुक एक गाणं ऐक, ते तुझ्यासाठी आहे, तर तेवढं तरी ऐकलं असतं.' या वाक्यावर मी आजवर जगते आहे. तुमच्या सौभाग्यवती तेच म्हणताहेत, फक्त जरा पुणेरी पद्धतीनं.

तेव्हा सुचवणं बंद करू नका, गटावर टाकणं बंद करा. एका वेळी एक माणूस, एक गाणं, आणि खाली दोन ओळी: तुम्हालाच का पाठवलं, आणि कशाकडे कान द्यायचा. एवढं लिहिता येत नसेल तर त्या माणसासाठी ते गाणं नाही असं समजावं. तुमच्या गटातल्या माणसांबद्दल तुम्ही इतकं नेमकं लिहिलं आहेत की मला बसल्या जागी गाणी दिसायला लागली.

परिक्रमा केलेलं जोडपं. त्यांना तुम्ही काय पाठवलंत कुणास ठाऊक, पण दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चं 'मा रेवा' पाठवलं नसेल तर कमाल आहे. 2000 साली आलेल्या त्यांच्या 'कंदिसा' या अल्बममधलं हे गाणं. रेवा म्हणजे नर्मदा. माझ्या कॅसेटवर प्रत्येक अध्यायाच्या शेवटी यायची तीच. बँडचा बासवादक राहुल राम पर्यावरणातल्या विषांवर अमेरिकेत डॉक्टरेट करून परत आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला; हे गाणं त्या खोऱ्यातून आलेलं आहे. ज्यांनी त्या काठानं महिनोन्‌महिने चालून पायाला फोड आणले, त्यांना रॉक म्हणजे काय, इंडी म्हणजे काय, काहीही समजावून सांगू नका. फक्त लिहा, 'तुमच्या नदीचं गाणं आहे.' कदाचित तेच तुम्हाला सांगतील की काठावर हे कसं म्हणतात.

तबलेवाल्या बाईंनाही हाच बँड द्या, पण दार दुसरं. यांचा असीम चक्रवर्ती तबला वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचाही. 2009 च्या डिसेंबरात तो गेला. बाईंना एवढंच विचारायचं: 'शेजारी ड्रम चालू असताना हा माणूस तबला कुठे बसवतो ते ऐकून सांगाल का?' बघा, त्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला पाऊण तास फोनवर धरून बसतील. जाणकार माणसाला गाणं ऐकवायचं नसतं, त्याचं मत मागायचं असतं. मात्र त्यांना ते फोनच्या स्पीकरवर ऐकू देऊ नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत. बास गिटार तर जातेच, डग्गाही जातो. ज्या बाई विद्यार्थ्यांच्या डग्ग्याचा घुमारा नीट लागला नाही तर पुन्हा पहिल्यापासून बोल वाजवायला लावत असतील, त्यांना तुम्ही डग्गा नसलेला तबला पाठवणार? तुमच्या 61 पैकी निम्मी गाणी तिथेच मेली असतील, असा माझा दाट संशय आहे.

बँकेतले काका. इथे मला फारच मजा वाटते आहे. निसर्गदत्त महाराज खेतवाडीतले, विडीच्या दुकानावर संसार चालवलेले, मराठीतून बोलणारे. त्यांच्याकडे येणाऱ्या परदेशी लोकांसाठी दुभाष्याचं काम करायचे रमेश बाळसेकर, बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले. आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस या बाळसेकरांकडे मुंबईत येऊन बसायचा तो कॅनडाचा लेनर्ड कोहेन! जगभर नाव झालेला गायक एका निवृत्त बँक अधिकाऱ्यापुढे शिष्य म्हणून बसतो, ही गोष्ट ऐकून तुमचे काका खुर्चीत सरसावून बसले नाहीत तर मला कळवा. कोहेन आधी कवी, मग कादंबरीकार, आणि पहिला अल्बम केला तो 1967 साली, 33व्या वर्षी. आज ज्याचं 'हॅलेलुया' लग्नापासून मयतापर्यंत गायलं जातं, ते ज्या अल्बममध्ये होतं तो 1984 साली त्याच्याच कंपनीनं अमेरिकेत काढायला नकार दिला होता. बँकेतल्या माणसाला बुडीत खात्यातून वसूल झालेल्या रकमेची गोष्ट नक्की आवडेल.

पण कोहेन देताना एक धोक्याची सूचना आधीच द्या, आणि ही सूचना तुमच्या सगळ्या आवडत्या लोकांना लागू आहे. ख्यालाला सरावलेला कान आधी गळा शोधतो. बंदिशीला शब्द चार, विस्तार सगळा सुरांचा. शब्द अर्धे कळले नाहीत तरी कुणाचं अडत नाही. या लोकांचं उलट आहे. गळा साधा, कधी खरखरीत, कधी चक्क बेताचा. भार सगळा शब्दांवर. मग तयार कानाचा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात 'सूर बरा नाही लागलेला' म्हणून मोकळा होतो. त्याला सांगायचं, हे गाणं म्हणून ऐकू नका, कवी स्वतःची कविता म्हणतोय असं समजा. विंदा, बापट, पाडगावकर तिघं मिळून गावोगाव कविता म्हणत हिंडायचे, तेव्हा कुणी त्यांचा षड्ज तपासला नाही. बोरकर तर आपल्या कविता स्वतःच गायचे. पाडगावकरांचं गाणं अरुण दातेंच्या गळ्यातून ऐकणं वेगळं, आणि स्वतः पाडगावकर ओळीवर थांबून चष्म्यातून समोर बघायचे ते वेगळं. तुमचे लोक त्या दुसऱ्या प्रकारातले. इंग्रजी गाणं असेल तर गाण्याचा मतलब चार ओळींत मराठीत लिहून द्या. आळस करू नका.

डेंटिस्टांचं अजून राहिलं. निक ड्रेक हा त्यांच्याशी तह. खरी भेट म्हणजे रब्बी शेरगिल. 2004 चा त्याचा पहिला अल्बम, अठराव्या शतकातल्या बुल्लेशाहांची काफी, म्हणजे पंजाबी सूफी गीत, आणि हातात गिटार. गझलवाल्याला 'मी कोण' हा प्रश्न विचारणारी कविता पाठवायला भीती कसली? त्यांनी तेव्हा ते गाणं ऐकलं असण्याची शक्यता आहे. असू दे. आवडलेलं गाणं पुन्हा आठवून देणं हेही सुचवणंच आहे. ते पचलं की मग बंगळुरूचा 'परवाझ' हा बँड. उर्दू आणि काश्मिरीत गातात, घाई करत नाहीत. 2014चा 'बारान' घ्या. गाणी लांबलचक आहेत, म्हणून दवाखाना बंद झाल्यावरच.

विद्यार्थिनीला काहीही पाठवू नका. तिच्याकडून मागा. 'तू सध्या काय ऐकतेस, एकच पाठव,' असं म्हणा आणि जे येईल ते शेवटपर्यंत ऐका. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं 'तांबडी चामडी' सगळ्या महाराष्ट्रात वाजलं. तिनं तसलं काही पाठवलं, आणि तुम्ही 'हे काय?' असं लिहिलंत, तर तुमच्यात आणि डेंटिस्टांत फरक काय? उलट तेव्हा कळेल की पाठवलेल्या गाण्यावर चांगलं उत्तर देणं किती अवघड असतं. मला त्या गाण्याच्या ठेक्यावर भाकरी थापता येते असा शोध लागलाय, पण ते असो.

काकूंना गाणं नको असेल, तर नको असू दे. आठ जणांत एखादं माणूस डब्यासाठी येतं आणि त्याच्यामुळेच बाकीचे येतात.

आता कुणीतरी तुम्हाला हमखास विचारणार: 'मराठीत नाही का असं काही?' या प्रश्नावर बिचकू नका, कारण इथे बाजू आपली भक्कम आहे. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच डफ घेऊन उभं राहायचं, याला आपल्याकडे सिंगर-साँगरायटर म्हणत नव्हते, शाहीर म्हणत होते. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' ऐका: मुंबईला पोटासाठी आलेला गडी, गावावर राहिलेली बायको, आणि बघता बघता ती मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहून गेलेला मुलूख होते. प्रेमगीत आणि राजकीय गाणं एकाच ओळीत. वामनदादा कर्डक (1922–2004) सिन्नर तालुक्यातले. त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि स्वतःच गावोगाव गायली. इंडी म्हणजे दुसरं काय असतं? आज संभाजी भगत आहेत. स्वतःचं लिहीत नसल्या तरी एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात आहेत; एक तार आणि एक आवाज, निक ड्रेकपेक्षाही कमी सामान. तुमच्या गटाच्या अंगठ्यांना हलवायचं असेल तर मी कडूबाईंवर पैज लावीन.

आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर संदीप खरे आणि सलील कुलकर्णी. 'आयुष्यावर बोलू काही' 2003 पासून चालू आहे. एक पेटी, एक कवी, आणि पुढे भरलेलं थिएटर. तुमच्या गटातल्या निम्म्यांनी तिकिटाच्या रांगेत उभं राहून तो कार्यक्रम बघितला असणार. म्हणजे त्यांना हा प्रकार आवडतो. त्याला तुम्ही दिलेलं नाव तेवढं अनोळखी आहे. 'इंडी सिंगर-साँगरायटर' म्हणून पाठवलंत तर कपाळाला आठ्या. 'संदीप खरेंसारखंच, पण जयपूरचा पोरगा, हिंदीत' असं म्हणून प्रतीक कुहाड पाठवलात तर बँकेतले काकासुद्धा लावतील. अभंग गिटारवर चालत असतील त्यांना मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड द्या. काहींना ते फार जोरकस वाटतं, मला चालतं.

पुण्याचं म्हणाल तर 'अग्नी' हा बँड पुण्याचा, आणि 'ईझी वाँडरलिंग्ज'ही पुण्याचाच. इंग्रजीत गातात, पण आवाज चढवत नाहीत, 2017 चा त्यांचा अल्बम पावसाळ्यात खिडकीशी बसून ऐकायचा आहे. एनएच7 वीकेंडर या इंडी गाण्यांच्या महोत्सवाची सुरुवातही 2010 साली आपल्या कोरेगाव पार्कातच झाली. एकदा भाचीबरोबर अशाच एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला गेले होते. सवाईची सवय म्हणून सतरंजी आणि मटार करंज्यांचा डबा नेला. दारावर करंज्या काढून ठेवायला लावल्या. सतरंजीला कुणी हरकत घेतली नाही, पण तिथे कुणी बसतच नाही! तीन तास उभी होते. पोटऱ्या दुखल्या, पण हजारभर पोरंपोरी एका मुलीनं घरात बसून लिहिलेलं गाणं तोंडपाठ गाताना बघितली, आणि मला बोरकरांची आठवण झाली. का ते विचारू नका.

तुमच्या गटाला मैदानावर नेऊ नका. घरी बोलवा. रविवारी संध्याकाळी, एक तास, त्याहून जास्त नाही. प्रत्येकानं एक गाणं आणायचं आणि ते का आणलं हे आधी दोन वाक्यांत सांगायचं. फोन एका टोपलीत. कुणाच्या तरी माळ्यावर जुना स्टिरिओ असणारच, तो खाली उतरवा, नाहीतर एक बरा स्पीकर मागून आणा. गाणं चालू असताना चहा नाही. कपबशांचा आवाज हे माझं जुनं दुखणं आहे. गाणं संपल्यावर लगेच 'कसं वाटलं?' असं विचारायचं नाही, हा नियम खास तुमच्यासाठी. तुमची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर खिळलेली असते, हो ना? गाणं वाजत असताना तुम्ही त्या ओळीच्या आधी बोट वर करता, 'आता बघा, आता येईल'? तेच ते. परीक्षा म्हणतात त्याला. भिंतीकडे बघत बसा.

आणि घाई करू नका. पाच आठवडे म्हणजे काहीच नाही. व्हॅश्टी बन्यन नावाची एक इंग्रज बाई, घोडागाडीतून लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, वाटेत गाणी केली, 1970 साली अल्बम काढला. कुणी विचारलं नाही. तिनं गाणं सोडलं, मुलं वाढवली. 2000 साली तो अल्बम पुन्हा निघाला, एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असं करत पोरांच्या हातात गेला, आणि 2005 मध्ये बाईंनी दुसरा अल्बम केला. मधे 35 वर्षं. माझ्या चिंचवडच्या मैत्रिणीचंच घ्या. सासऱ्यांनी कथा बी बाजूवर घेतली होती, ए बाजू तशीच राहिली. त्यांच्या माघारी तिनं कधीतरी ती उलटी लावली. मागच्या वर्षी फोनवर बोलता बोलता ती एक चाल गुणगुणायला लागली, अर्धवट, शब्द चुकीचे. 'हे कुठलं गं? तूच दिलं होतंस ना?' मी नाव सांगितलं. ती म्हणाली, 'ते लिहिलेलं आहे, पण तुझं अक्षर लागत नाही.'

आता गटात परत जायचं कसं? काकांना फोन करून 'मला परत घ्या' म्हणा, बस. आल्यावर निवेदन काढू नका, 'मी परत आलोय'चा फलक नको. पहिले आठ दिवस एकही लिंक टाकायची नाही. इतरांनी काय टाकलं आहे ते ऐका. तुम्ही पाठवलेल्या 61 बद्दल पत्रात सविस्तर आहे, पण त्या पाच आठवड्यांत बाकीच्यांनी काय पाठवलं, याची एक ओळ नाही. परिक्रमावाल्यांनी एखादं भजन टाकलं असेल, बाईंनी एखादा जुना सोलो. त्यातलं एक तरी तुम्ही ऐकलंत, की तुम्हीही अंगठाच दिलात?

आणखी एक माणूस पत्रात आहे, ज्याला काय आवडतं ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ती हिंजवडीपासून कर्वेनगरपर्यंतच्या तुमच्या सगळ्या गाण्यांना घरी-गाडीत निमूट बसलेली आहे. आज जेवण झालं की तिला विचारा, त्या सगळ्यांतलं तुला एखादं आवडलं का? ती 'ते पावसाचं होतं ना, ज्यात तो मधेच थांबतो' असं काहीतरी अर्धवट सांगेल. तेवढ्यावरून गाणं शोधून काढायचं, आणि तिनं पुन्हा लावायला सांगितलं तर आधी काही न बोलता लावायचं.

— ताई